निनावी कर्ता आणि उघडी संहिता

इयान क्लार्क या विद्यार्थ्याने १९९९ साली एडिंबरो विद्यापीठास जो प्रबंध सादर केला, त्यात माहिती साठविण्याची व शोधण्याची एक विलक्षण व्यवस्था मांडलेली होती. तिला मध्य नव्हता, मालक नव्हता, आणि तिच्यात लिहिणारा कोण व वाचणारा कोण हे कोणासही सांगता येऊ नये, असा तिचा संकल्प होता. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००० साली, ही व्यवस्था 'फ्रीनेट' या नावाने आज्ञावलीच्या रूपात सर्वांस खुली झाली. २०२३ पासून ती मूळ आज्ञावली 'हायफानेट' या नावाने ओळखली जाते. 'फ्रीनेट' हे नाव क्लार्क यांच्या नव्या प्रकल्पाकडे गेले आहे. २००३ पासून वाढत आलेले 'आय-टू-पी' हे याच कुळातील दुसरे जाळे होय.

या आज्ञावलींची चर्चा सहसा दोन ठिकाणी होते. अभियंते त्यांचा वेग आणि बळकटी मोजतात. कायद्याचे अभ्यासक त्यांचा उपयोग व दुरुपयोग तपासतात. परंतु आज्ञावली ही प्रथमतः लिहिलेली गोष्ट आहे. तिला कर्ता असतो, पाठ असतो, पाठभेद असतात, प्रती असतात, आणि प्रती उतरविताना शिरणारे दोषही असतात. संहितेचा विचार करणाऱ्या शास्त्राला येथे काही बोलण्याचा अधिकार आहे, एवढेच नव्हे, तर या आज्ञावलींपुढील सर्वांत अवघड प्रश्न हा मुळात संहितेचाच प्रश्न आहे. जेथे कर्ता आपले नाव झाकतो, तेथे वाचकाने विश्वास कशावर ठेवावा? 'सोर्स कोड उघडा आहे, त्यावर' हे त्याचे रूढ उत्तर. हे उत्तर कितपत टिकते, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम या जाळ्याची रीत ध्यानात घेतली पाहिजे. फ्रीनेटमधील प्रत्येक संगणक आपल्या चुलीतील थोडी राख शेजाऱ्याला द्यावी तशी आपल्या साठ्यातील थोडी जागा जाळ्यास देतो. कोणताही मजकूर बत्तीस किलोबाइटांच्या तुकड्यांत फोडला जातो, प्रत्येक तुकडा कूटबद्ध होतो, आणि ते तुकडे अनेक ठिकाणी विखुरतात. ज्याच्याकडे तुकडा पडून आहे त्याला आपल्याकडे काय आहे हे कळत नाही. आता कल्पना करावी की निलंग्यातील एका संगणकाने एका तुकड्याची मागणी उदगीरच्या संगणकाकडे केली. त्याने ती बीदरकडे, बीदरने आणखी कोणाकडे दिली. (वस्तुतः जाळ्यातील शेजार भूगोलाचा नसतो, हा क्रम केवळ समजुतीसाठी.) उदगीरच्या संगणकाला एवढेच दिसते की मागणी निलंग्याहून आली. ती निलंग्याची स्वतःची, की निलंगा दुसऱ्याची मागणी पुढे सरकवीत आहे, हे त्याने कसे ठरवावे? संपूर्ण अनामिकता या एका अनिश्चिततेवर उभी आहे. २००८ मध्ये निघालेल्या ०.७ या आवृत्तीत तिला आणखी एक पदर जोडला गेला: केवळ ओळखीच्या व भरवशाच्या माणसांच्याच संगणकांशी जोडून घेण्याची सोय.

उदाहरणास निलंगा घेतला तो अगदीच निर्हेतुक नव्हे. हा तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. नंतर तो उस्मानाबादेत आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आला. सभा भरविण्यास आगाऊ परवानगी मागावी लागे अशी निजामी अंमलातील गश्ती क्रमांक ५३ या भागाच्या स्मरणात आहे. बोलण्यापूर्वी आपण कोण हे सरकारास कळवावे लागणे म्हणजे काय, हे मराठवाड्यास पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. आणि हा केवळ गतकाळ म्हणून बाजूस सारता येण्याजोगा विषयही नव्हे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे समाजमाध्यमावरील एका साध्या अभिप्रायापायी दोन तरुणींना अटक झाली. ज्या ६६-अ कलमाचा त्यावेळी आधार घेतला गेला, ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्दबातल ठरविले. मधल्या काळात नाव उघड असलेल्या माणसाने जे सोसले, ते निकालाने परत मिळत नाही. अनामिकतेची मागणी येथून उत्पन्न होते. भ्याडपणातून ती उत्पन्न होते असे मानणे हा आरामखुर्चीतला विचार होय.

गुप्ततेसाठी लिहिण्याची रीत मराठीला नवी नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी, अंक अशा निरनिराळ्या लिप्यांत बंद केले. त्यांतील सकळ लिपीचे कर्तृत्व परंपरा रवळोबासांकडे देते. या लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर येते, आणि ही अदलाबदल सर्व पोथ्यांत एकच असते. पंथाबाहेरच्या वाचकाला शतकानुशतके या पोथ्या मुक्या होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे व वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी तिचा उलगडा झाला आणि मराठीचे आद्य गद्य अभ्यासकांपुढे आले. वाङ्मयेतिहासाला ही मोठीच प्राप्ती ठरली. परंतु गुप्तलेखनाच्या दृष्टीने पाहिल्यास तो एका पद्धतीचा संपूर्ण पराभव होता. रीत कळली त्या दिवशी एक पोथी नव्हे, तर त्या लिपीतील सगळ्याच पोथ्या एकदम उघड झाल्या. रीत हेच जेथे रहस्य असते, तेथे एक फितूर किंवा एक चिकाटीचा संशोधक पुरेसा होतो.

याच्या नेमका उलट विचार ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये सैनिकी गुप्तलेखनाच्या संदर्भात मांडला. सांकेतिक व्यवस्था शत्रूच्या हाती पडली तरी हानी होऊ नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली, आणि ती हवी तेव्हा बदलता यावी, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. अनामिक जाळ्यांची आज्ञावली उघडी का असते, याचे मूळ येथे आहे. तो औदार्याचा भाग नव्हे, किंवा केवळ मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीशी असलेल्या निष्ठेचाही नव्हे. जी अनामिकता रीत उघड होताच कोसळते, ती अनामिकताच नव्हे, हे त्यामागील तर्कशास्त्र आहे. एकंदरीत उघडेपणा आणि गुप्तता या येथे परस्परविरोधी गोष्टी नाहीत. पहिली ही दुसरीची अट आहे. फ्रीनेटविषयीच्या बहुतेक लोकप्रिय लेखनात हा संबंध हरवतो आणि 'गुप्त जाळ्याची उघडी आज्ञावली' हा एक चमत्कारिक विरोधाभास म्हणून मांडला जातो.

नावाविषयीचा फ्रीनेटचा विचार याहूनही सूक्ष्म आहे. तेथे मजकुराला नाव देण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. पहिलीत मजकुराचे नाव मजकुरातूनच गणिताने निघते. एक काना जरी बदलला तरी नाव बदलते, त्यामुळे प्रक्षेप दडून राहूच शकत नाही. दुसरीत लेखक स्वतःसाठी किल्ल्यांची एक जोडी निर्माण करतो व आपल्या प्रत्येक लेखनावर गुप्त किल्लीने सही करतो. तो कोण हे कोणास कळत नाही. परंतु काल ज्याने लिहिले त्यानेच आज लिहिले, एवढे मात्र निःसंशय कळते. मराठी अभ्यासकाला येथे संतांच्या नाममुद्रेची आठवण होणे स्वाभाविक आहे. अभंगाच्या शेवटी येणारी मुद्रा कर्तृत्वाची ग्वाही देते. पण ती कोणालाही वापरता येते. नामदेवाच्या गाथेत विष्णुदास नामा या मुद्रेची रचना मिसळून गेली आणि कोणता अभंग कोणाचा या वादात संशोधकांच्या पिढ्या गुंतल्या. फ्रीनेटमधील मुद्रेला माणूस नाही, पण तिची नक्कल होत नाही. संतांच्या मुद्रेला माणूस आहे, पण तिची नक्कल होते. कर्ता आणि कर्तृत्व या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे साहित्यशास्त्राने तत्त्वतः मानलेले सत्य येथे यंत्रात उतरलेले दिसते.

आता प्रश्न मजकुराच्या कर्त्याकडून आज्ञावलीच्या कर्त्याकडे वळवावा लागतो, कारण खरी अडचण तेथे आहे. आय-टू-पीच्या आरंभीच्या विकासाची धुरा 'जे-रँडम' या टोपणनावाच्या व्यक्तीने वाहिली. २००७ च्या अखेरीस ती व्यक्ती कामातून दूर झाली. पुढे अनेक वर्षे 'झेडझेडझेड' हे तितकेच निनावी नाव काम पाहत राहिले. ज्यांच्या आज्ञावलीवर लोक आपली सुरक्षितता सोपवितात, ते स्वतःच अज्ञात. अनामिकतेच्या तत्त्वाशी हे सुसंगतच म्हटले पाहिजे.

अशा सामूहिक निनावी निर्मितीला जात्यावरच्या ओवीची उपमा देण्याचा मोह होतो, आणि वरकरणी ती शोभूनही दिसते. ओवी माहेरहून सासरी जाते, तोंडातून तोंडात बदलते, तिचा मालक कोणी नाही. तथापि ही उपमा फसवी आहे. ओवी निनावी राहिली ती तिच्या कर्त्रीचे नाव कोणी विचारले नाही म्हणून. जाळ्याचा विकासक निनावी राहतो तो कोणीतरी नाव विचारीत आहे म्हणून. शिवाय ओवी गाणारी ऐकणाऱ्यांना परकी नव्हती. शेजघरातल्या बाईला ती कोण, कोणाची, हे ठाऊक असे. निनावी ती संग्राहकाच्या वहीत झाली. हेमा राईरकर व गी पॉयतवॅं यांनी लाखावर ओव्या जमविताना गाणारीचे नाव व गाव नोंदण्याचा कटाक्ष ठेवला, तो हाच अन्याय टाळण्यासाठी. ओवीचा विश्वास सहवासातून येतो. टोपणनावाच्या विकासकापाशी सहवास नसतो. त्याच्यापाशी असते ती केवळ संहिता.

म्हणूनच ती संहिता कोणी वाचते का, हा प्रश्न निर्णायक ठरतो. पाहणारे डोळे पुरेसे असले की दोष लपत नाहीत, असा एक आशावाद एरिक रेमंड यांच्या १९९७ मधील निबंधापासून मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात रूढ आहे. या आशावादाला २०१४ च्या एप्रिलमध्ये जबर धक्का बसला. 'ओपन-एसएसएल' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीतील 'हार्टब्लीड' हा दोष त्या महिन्यात उघड झाला. मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून, म्हणजे दोन वर्षे, तो सर्वांच्या डोळ्यांपुढे होता. वाचण्याची मुभा असणे आणि वाचले जाणे यांत अंतर आहे. ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप नाही म्हणून आतील ग्रंथ वाचला गेला असे कोणी म्हणत नाही. आज्ञावलीच्या बाबतीत मात्र हे नित्य म्हटले जाते.

याहून उद्बोधक प्रकरण २०२४ मधील आहे. 'एक्सझेड युटिल्स' ही माहिती आकुंचित करणारी एक छोटी आज्ञावली. तिचा भार वर्षानुवर्षे जवळजवळ एकच स्वयंसेवक, थकल्याभागल्या अवस्थेत, वाहत होता. 'जिया टॅन' हे नाव धारण करणाऱ्या कोणीतरी २०२१ पासून मुक्त प्रकल्पांत काम सुरू केले, या आज्ञावलीत उपयुक्त भर घातली, विश्वास संपादन केला, आणि अखेर प्रकाशनाचा अधिकार मिळविला. फेब्रुवारी व मार्च २०२४ मधील ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत या व्यक्तीने एक चोरवाट ठेवून दिली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले. त्याचा माग काढीत त्याने २९ मार्च २०२४ रोजी हे कारस्थान उघड केले. मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या स्थिर आवृत्त्यांत ते पोहोचण्यापूर्वीच सापडले, हे सुदैव.

संहिताचिकित्सेच्या अभ्यासकाने या प्रकरणातील एका तपशिलाकडे विशेष लक्ष द्यावे. चोरवाट कार्यान्वित करणारा कळीचा भाग सर्वांना दिसणाऱ्या मूळ संग्रहात नव्हताच; तो वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढा होता. म्हणजे मूळ पोथी एक आणि लोकांच्या हाती फिरणारी प्रत दुसरी. ज्याने मूळ पोथी अक्षरशः वाचली असती त्यालाही पूर्ण घात दिसला नसता. पोथ्यांच्या जगात हा दोष लेखनिकाच्या हलगर्जीपणातून येतो. येथे तो लेखनिकाच्या हेतूतून आला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात जो अवाढव्य उद्योग केला, त्याचे मर्म प्रत आणि पाठ यांतील या अंतराची सतत जाणीव ठेवण्यात होते. 'पुनरुत्पादनीय बांधणी' ही आज्ञावलीच्या जगातील नवी शिस्त त्याच मर्माची आहे. एकाच मूळ संहितेपासून निरनिराळ्या व्यक्तींनी स्वतंत्रपणे चालती प्रत तयार करावी आणि त्या प्रती अक्षराअक्षराने जुळतात का हे पाहावे. 'टॉर ब्राउझर' या अनामिकतेच्या साधनाने ही शिस्त २०१३ पासून अंगीकारली आहे.

लीळाचरित्राच्या पोथ्यांत एकाच प्रसंगाच्या भिन्न कथनांना 'वासना' म्हणतात आणि ती कथने ज्यांच्याकडून आली त्यांची नावे त्यांना जोडलेली असतात. मूळ ग्रंथ धामधुमीत नष्ट झाल्यानंतर स्मरणातून तो पुन्हा उभारताना भेद पुसून न टाकता नोंदवून ठेवण्याची ही दृष्टी अत्यंत आधुनिक आहे. २००५ पासून प्रचारात आलेली 'गिट' ही आवृत्तिनोंदीची व्यवस्था हेच करते: कोणता बदल कोणी, केव्हा, कशावर केला, याची न पुसता येणारी साखळी ठेवते. परंतु हिराइसांची वासना म्हटली की पंथीयाला हिराइसा ठाऊक असत. 'जिया टॅन' याची वासना असे म्हटल्याने काय कळते? नोंद निर्दोष होती. नोंदीमागे माणूस नव्हता.

केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात याहून पुढची पायरी दाखविली होती. मानवी वाचनाची आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविणारा अनुवादकच दूषित असेल, तर मूळ संहितेत दोषाचा मागमूसही न ठेवता चालत्या प्रतीत दोष आणता येतो. अर्थात वाचनाला अंत आहे; कोठेतरी माणसावर विसंबावेच लागते. आय-टू-पीची एकाच आराखड्यावरून दोन निरनिराळ्या भाषांत, जावा आणि सी-प्लस-प्लस यांत, स्वतंत्र घडण झाली आहे, ही गोष्ट या दृष्टीने वेगापेक्षाही महत्त्वाची ठरते. दोन परंपरा परस्परांची साक्ष काढतात, तेव्हा एकट्या परंपरेपेक्षा विश्वासाला अधिक आधार मिळतो.

या जाळ्यांचा दुरुपयोग होतो, हे सांगितल्यावाचून कोणतेही परीक्षण प्रामाणिक ठरणार नाही. बालकांच्या लैंगिक छळाची सामग्री फ्रीनेटवर फिरत आली आहे. एकाही अपवादाची वाट ठेवली तर ती वाट सेन्सॉरही वापरील, अशी क्लार्क यांची भूमिका आहे. तर्क म्हणून ती अभेद्य दिसते. परंतु ज्या बालकाचे चित्र फिरते त्याला या तर्कात स्थान नाही, आणि जे त्याच्यावाचून पूर्ण होते ते स्वातंत्र्याचे तत्त्वज्ञान अपुरे आहे. गमतीची गोष्ट अशी की प्रत्यक्षात अनामिकताही तितकी अभेद्य निघाली नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील ब्रायन लिव्हाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की शेजाऱ्याकडून येणाऱ्या मागण्यांची संख्या व उरलेल्या टप्प्यांचा आकडा यांवरून तो शेजारी मूळ मागणीदार असण्याची शक्यता गणिताने काढता येते. उदगीरच्या संगणकाला निलंग्याविषयी जे कळू नये असा संकल्प होता, ते अदमासाने कळू शकते. हे संशोधन शक्य झाले तेही आज्ञावली उघडी होती म्हणूनच. ज्या उघडेपणाने जाळ्याला प्रतिष्ठा दिली, त्यानेच त्याची मर्यादाही सिद्ध केली. केर्कहॉफ्सच्या कसोटीचा हा दुसरा अर्धा भाग होय, आणि तो जाळ्याच्या कैवाऱ्यांनी कमीपणा न मानता स्वीकारला पाहिजे.

मराठवाड्यातील वाचकापुढे आणखी एक मर्यादा उभी राहते, जी एडिंबरोच्या प्रबंधात डोकावत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस आरक्षणाच्या आंदोलनात जाळपोळ झाल्यावर बीड जिल्ह्यात इंटरनेट बंद करण्यात आले. अशा वेळी फ्रीनेट काय किंवा आय-टू-पी काय, दोन्ही मूक होतात. ही जाळी दुसऱ्याच्या तारांवर विणलेली आहेत. कोण बोलतो हे ती लपवितात; बोलण्याची वाटच काढून घेतली तर त्यांच्यापाशी इलाज नाही. आणि भारतातील शासनव्यवहाराचा कल माणूस हुडकण्यापेक्षा सबंध जिल्ह्याची वाट काही काळ बंद करण्याकडे अधिक दिसतो. तेव्हा पाश्चात्त्य परिस्थितीतून घडलेली अनामिकतेची कल्पना येथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

या दृष्टीने २०१८ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती निघालेली 'ब्रायर' ही उघडी आज्ञावली अधिक लक्षणीय वाटते. तार असेल तर ती टॉरच्या मार्गाने जाते. नसेल तर ब्लूटूथ किंवा वाय-फायने जवळच्या दूरध्वनीपर्यंत पोहोचते, आणि सामाईक चर्चेतील मजकूर एका परिचिताकडून दुसऱ्याकडे, माणसे प्रत्यक्ष भेटतील तसतसा सरकतो. ब्लूटूथचा पल्ला काही मीटरांचा असतो. निलंग्याच्या आठवडी बाजारात दोन माणसे शेजारी उभी राहिली तरच मजकूर पुढे जाईल, आणि त्यांनी एकमेकांना आधी ओळखीत घेतलेले असले पाहिजे. येथे अनामिकता बाहेरच्यापुरती राहते व आत सहवास परततो. तिच्याही संहितेचे वाचन कोणी आणि कसे करावे हा प्रश्न मात्र तसाच शिल्लक आहे. मूळ संग्रह आणि दूरध्वनीत उतरणारी प्रत जुळतात का हे तपासण्याची सोय तिच्या कर्त्यांनी करून ठेवलेली आहे, आणि त्या तपासणीला लागणारा संगणक कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असतो.